चार मिनिटांचा खेळ

गेल्या संक्रांतीच्या सुमाराला माझा एक व्हिडिओ गेम पूर्ण झाला. पूर्ण म्हणजे खरोखरीचा पूर्ण. सुरू केला की नाव येतं, बटण दाबलं की डाव सुरू होतो, त्यात हरता येतं, जिंकता येतं आणि संपल्यावर तो पुन्हा खेळायचं का म्हणून विचारतो. एक डाव साधारण चार मिनिटांचा. ज्वारीचं रान, राखणीला बसायचा एक उंच माळा, हातात गोफण आणि आभाळभर पाखरं, बास, एवढंच. मी पेढे आणले. नवऱ्यानं पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "यातला कुठला हा? गडाचा, जत्रेचा की तो पावसाचा?" प्रश्न रास्त होता. लग्न झाल्यापासून त्यानं माझ्या बऱ्याच गेमांची नावं ऐकली आहेत, खेळायला मात्र एकही मिळालेला नव्हता.

गेम बनवणं हा माझा व्यवसाय नाही. दिवसा मी पुण्यात एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणजे कराचा दर एका ठिकाणी बदलला की उरलेल्या पन्नास ठिकाणीही तो बदलला ना, हे बघत बसते. गेम हा रात्रीचा उद्योग, जेवणंखाणं आटोपल्यावरचा.

गडाचा गेम सगळ्यात जुना. शिवकाळातला एक गड, अमावास्येची रात्र, पहाऱ्यावर एक मावळा आणि कड्यावरून दोर लावून वर येणारे हेर. कल्पना ऐकून लोक खूश व्हायचे. तो मी युनिटी नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू केला आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर गवत. वाऱ्यावर डोलणारं, पात्यापात्यावर चंद्रप्रकाश पडणारं. अमावास्येच्या रात्री चंद्र कुठून आला हे मला कुणी विचारलं नाही, कारण कुणाला दाखवावं इतपत गेम पुढे गेलाच नाही. जत्रेच्या गेममध्ये दुकानं होती, दुकानांत वस्तू होत्या, वस्तूंना भाव होते आणि भाव ठरवायला एक भलंमोठं कोष्टक होतं. ते कोष्टक अजून आहे. पावसाच्या गेमसाठी मी सी प्लस प्लस भाषेत स्वतःचं इंजिनच, म्हणजे गेम ज्याच्या जोरावर चालतो ते आतलं सॉफ्टवेअरच, लिहायला घेतलं. इंजिन झकास झालं. त्यात पाऊस पडायचा.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं जाहीर केलं की गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल त्या हिशेबानं फी लागेल. जगभर आरडाओरडा झाला आणि बरेच लोक गोडोकडे वळले. गोडो हे अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी सुरू केलेलं इंजिन, २०१४ पासून सगळ्यांना खुलं आणि फुकट. मीही तावातावानं वळले. ती फी लागायला वर्षाला दोन लाख डॉलरची कमाई आणि वर दोन लाख इन्स्टॉल व्हावे लागणार होते, आणि माझ्या गेमला तर मेनूसुद्धा नव्हता. पण हत्यार बदलायचं म्हटलं की पुढचे दोन-तीन महिने धड्यांचे व्हिडिओ बघण्यात छान जातात, आणि आपण कामात आहोत असं वाटतं.

हे सगळे गेम एकाच वयात गेले. पहिल्या आठवड्यात पडद्यावर एक चौकोन इकडून तिकडे जायला लागतो. दुसऱ्या आठवड्यात चौकोनाचा माणूस होतो, तो उडी मारतो, पडतो. रोज रात्री काही ना काही नवं दिसतं, झोप लागत नाही. आणि मग एका टप्प्यावर जे दिसायचं ते सगळं दिसून झालेलं असतं. आता उरलेलं असतं ते असं: मेलेला माणूस पुन्हा सुरुवातीला कसा आणायचा, आवाज बंद करायचं बटण कुठे ठेवायचं, जिंकल्यावर नेमकं काय होतं. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेतल्या टॉम कार्गिलच्या नावावर एक नियम सांगतात. सॉफ्टवेअरच्या पहिल्या ९० टक्के कामाला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्के कामाला आणखी ९० टक्के. ऑफिसात हा नियम मला पाठ आहे. पण ऑफिसात त्या दुसऱ्या नव्वदाच्या मागे मॅनेजर असतो, तारीख असते, पगार असतो. घरी रात्री अकरा वाजता आवाज बंद करायच्या बटणामागे कोण उभं राहणार?

लोक याला आळस म्हणतात. मला पटत नाही. आळशी माणूस इंजिन लिहायला बसत नाही. मला वाटतं, सुरू करणं आणि संपवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत आणि त्यातलं पहिलं पुन्हा पुन्हा करून मी त्यात तरबेज झाले होते. दुसऱ्याला हात लावायची वेळच येत नव्हती, तर सराव कुठून होणार! म्हणून या खेपेला मी ठरवलं की कल्पना कितीही फुटकळ असो, मला ते दुसरं काम करून बघायचं आहे.

त्यासाठी पिको-८ घेतलं. हे एक खोटंखोटं यंत्र आहे. जोसेफ व्हाइट नावाच्या प्रोग्रॅमरनं कल्पिलेला, प्रत्यक्षात कधीच कारखान्यातून न निघालेला एक जुन्या धर्तीचा गेम कन्सोल, जो फक्त आपल्या कॉम्प्युटरच्या आत राहतो. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा. रंग १६. चित्रं काढायला ८ बाय ८ चे ठोकळे. आवाजाच्या चार वाटा. प्रोग्रॅम लुआ भाषेत लिहायचा आणि तो ८१९२ टोकनांत बसवायचा. टोकन म्हणजे ढोबळमानानं प्रोग्रॅममधला एकेक शब्द किंवा चिन्ह. बसला नाही तर यंत्र चालवून दाखवत नाही. यात भांडण नाही, विनंती नाही. ज्यांना हे फारच तोकडं वाटतं त्यांच्यासाठी सांगते, सेलेस्ट नावाचा २०१८ साली आलेला आणि जगभर गाजलेला गेम आधी याच यंत्रावर झाला होता. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये तो चार दिवसांत केला.

इथे गवत डोलवायची सोयच नाही. एका ठोकळ्यात ज्वारीचं एक ताट काढलं, वर कणसाचे सहा-सात ठिपके टाकले, फिकट पीच रंगाचे. त्याच्याहून जास्त काही करता येत नाही म्हटल्यावर ते पंधरा मिनिटांत झालं आणि मी पुढे गेले. हे माझ्या बाबतीत नवीनच होतं.

विषय डोक्यात आधीपासून होता. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, पाऊस जेमतेम, आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर हिवाळ्यात निघणारी मालदांडी ज्वारी. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ती हुरड्यात आली, कणसात दूध भरलं, की भोरड्या उतरतात. भोरडी म्हणजे पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. या आपल्या नव्हेत. विणीचा हंगाम त्या मध्य आशियाच्या गवताळ माळांवर काढतात, तिथे टोळ नि नाकतोडे खातात, आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. एकटीदुकटी भोरडी सहसा दिसत नाही. थवा येतो, शेकड्यांनी, हजारांनी, आणि संध्याकाळी तो आभाळात जे काही करतो ते बघायला आता सोलापूर-भिगवणकडे पुण्यामुंबईची माणसं कॅमेरे घेऊन जातात. आमच्या लहानपणी ते बघायला कुणाला सवड नव्हती, कारण खाली रान होतं.

पिको-८ च्या सोळा रंगांत एक गुलाबी आहे आणि एक काळा. तीन ठिपक्यांची भोरडी होते: काळा, गुलाबी, काळा. पंख मारताना बाजूचे दोन काळे ठिपके एकदा वर, एकदा खाली. ही भोरडी मी काढली त्या रात्री नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

थव्याचं काम मात्र सोपं नव्हतं, आणि गंमतही तिथेच होती. याची एक जुनी युक्ती आहे, क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८७ साली मांडलेली. थव्याला पुढारी नसतो असं धरायचं. प्रत्येक पाखराला तीनच गोष्टी सांगायच्या: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जिकडे तोंड करून उडतायत तिकडे तोंड कर, आणि शेजाऱ्यांच्या घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहा. बस. थवा कुठेच लिहिलेला नसतो, तरी पडद्यावर थवा दिसतो. शेजारी कुणाला म्हणायचं, यावर पुढे रोममध्ये खऱ्या पाखरांवर अभ्यास झाला. तिथल्या आकाशात हिवाळ्यात उडणारे मैनांचे थवे इटलीतल्या संशोधकांनी कॅमेऱ्यांनी टिपले आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की एकेक पाखरू आपल्या सहा-सात जवळच्या पाखरांशीच जुळवून घेतं, मग ती हातभर अंतरावर असोत की दूर. या कामात ज्योर्जिओ पारिझी होते, ज्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या मैना म्हणजे आमच्या भोरड्यांच्या चुलतबहिणी.

कागदावर हे देखणं आहे. पण साठ पाखरं घेतली तर प्रत्येकानं उरलेल्या एकोणसाठांकडे बघायचं, म्हणजे एका चित्राला ३५४० वेळा अंतर मोजायचं, आणि सेकंदाला चित्रं तीस. लाखाच्या वर मोजमापं झाली, आणि या बिचाऱ्या यंत्राला ती झेपत नाहीत. तीसची गती निम्म्यावर येते आणि पाखरं काकवीत पडल्यासारखी उडतात. मग मी प्रत्येक पाखराला दर तिसऱ्या चित्रातच शेजाऱ्यांकडे बघायला लावलं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दुसरं लचांड जास्त मजेचं. थवा आला की काही वेळानं रानाच्या दोन टोकांची पाखरं मधलं सगळं सोडून एकमेकांवर झेपावायची. सगळा थवा मधोमध एका ठिपक्यात गोळा व्हायचा आणि तिथेच थरथरत राहायचा. मी तिन्ही नियम पुन्हा पुन्हा तपासले. नियम बरोबर होते. शेवटी एका पाखराच्या डोक्यावर त्याला दिसणारं अंतर छापून बघितलं, तर आकडा उणे! अंतर उणे कसं येईल? अंतर मोजताना आधी वर्ग करावा लागतो, आणि पिको-८ मध्ये कुठलाही आकडा ३२,७६७ च्या पलीकडे गेला की गडगडत उण्यात जातो. दोन पाखरांमध्ये २०० ठिपक्यांचं अंतर असेल तर वर्ग यायला हवा ४०,०००. यंत्राच्या लेखी तो येतो उणे २५,५३६. म्हणजे जे पाखरू सगळ्यात लांब, तेच यंत्राला अंगाला चिकटलेलं वाटायचं. उपाय एका ओळीचा होता: आडव्या अंतरात वीसच्या वर फरक असेल तर वर्ग करायचाच नाही, ते पाखरू शेजारी नव्हेच. त्या एका ओळीनंतर थवा वळला. म्हणजे खरंच वळला. एका कडेची पाखरं कलली, मग त्यांच्या शेजारची, मग सगळा गुलाबी पट्टा रानावरून सरकत गेला. मी बराच वेळ गोफण न मारता नुसती बघत बसले होते.

आणि इथेच तो नेहमीचा टप्पा आला. जे दिसायचं ते दिसून झालं होतं. आणखी दोन थवे घालावेत, मावळतीचे रंग बदलावेत, पाखरांची सावली रानावर पाडावी, असं मन लगेच धावायला लागलं. मी एक कोरी फाइल उघडली, तिला 'नंतर' असं नाव दिलं आणि जे सुचेल ते तिच्यात लिहून ती बंद करायला लागले. सावली, हुरड्याची भट्टी, बुजगावणं, कुत्रं, चोर. फाइल बरीच लांब झाली. आजही ती न उघडलेली आहे.

दिवाळीला मंगळवेढ्याला गेले तेव्हा लॅपटॉप मामाला दाखवला. मामानं पोरवयात हिवाळेच्या हिवाळे माळ्यावर काढलेत. त्यानं चष्मा वर केला, पडद्याच्या अगदी जवळ गेला, आणि मी त्याला गोफण मारून दाखवली. दगड गेला, पाखराला लागला, पिसांचे दोन ठिपके उडाले, पाखरू खाली पडलं आणि कोपऱ्यात १० गुण वाढले.

"हे काय गं?" मामा म्हणाला. "पाखरू पडलं की."

"त्याचे गुण मिळतात, मामा."

"कशाचे? आगं, गोफण काय पाखरू मारायला असती व्हय? एक मारून काय हुतंय? हजार बसल्याली असत्यात. पाखरू मारायचं नसतंय, उठवायचं असतंय."

मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. मधोमध दुमडला, एक टोक मधल्या बोटाला गुंडाळलं, दुसरं अंगठ्यात धरलं. दोन वेळा डोक्याभोवती फिरवून अंगठ्यातलं टोक सोडलं, तसा फट् असा आवाज झाला आणि पडवीतलं मांजर उडी मारून पळालं. "हा आवाज," तो म्हणाला. गोफणीच्या सोडायच्या दोरीला शेवटाला वाख, म्हणजे दोराचे सुटे तंतू, मोकळा ठेवलेला असायचा, त्याचा हा आवाज. दगड कुठं का जाईना, आवाज झाला की आख्खा थवा उठायचा. उठायचा आणि बांधापलीकडे शेजारच्या रानात बसायचा. तिथल्या माळ्यावर शेजारचा गडी. त्यानं हाळी दिली, गोफण फटकारली, की थवा परत इकडे. "दिसभर ह्येच. त्यो जेवाय बसला की आमची चंगळ. आमी जेवाय बसलो की त्येची."

मी तिथे पडवीतच वही काढली. तोवर माझ्याकडे एक थवा होता आणि एक माणूस होता, आणि त्या दोघांमध्ये फक्त नेमबाजी होती. नेमबाजीचे गेम ढिगानं आहेत, आणि ते करणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले जमतात. मामानं जे सांगितलं त्यात मात्र गेम आयता मांडलेला होता. पाखरं मरत नाहीत, ती फक्त जागा बदलतात. आपण करतो त्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम बांधापलीकडे होतो आणि थोड्या वेळानं उलटून आपल्याकडे येतो.

पुण्याला आल्यावर मारामारीचा सगळा भाग काढून टाकला. गुण गेले, पिसं गेली, पडणारं पाखरू गेलं. टोकनं भराभर मोकळी झाली आणि मला कुणी तरी घर झाडून दिल्यासारखं वाटलं. आता गोफण फटकारली की आवाजाच्या आसपासच्या पाखरांना भीती वाटते. भीती हा प्रत्येक पाखराजवळचा एक आकडा आहे आणि तो शेजाऱ्यांना लागत जातो. आकडा पुरेसा चढला की पाखरू उठतं. शेजारचा गडी आपल्या तालावर गोफण मारतो, दुपारी जेवायला जातो, एकदा पेंगतो. पाखरं कणसं टिपतात तसे ताटावरचे फिकट ठिपके कमी होत जातात, दोन्ही रानांतले. आणि शेजारचं रान पार उघडं पडलं तर पाखरांना तिकडे जाण्यात काही राम उरत नाही. मग ती इकडेच बसतात आणि कितीही फटके मारा, उठून दोन घिरट्या घालून पुन्हा इथेच. हा शेवटचा नियम मी लिहिला तेव्हा मला तो किरकोळ वाटला होता. माझ्या बहिणीच्या मुलीनं, वय वर्षं अकरा, तो तिसऱ्या डावात ओळखला. तिनं आपल्या बांधालगतच्या दोन ओळी पाखरांना मुद्दाम खाऊ दिल्या, गोफण मांडीवर ठेवून. "थोडं खाऊ दे ना, मावशी. सगळी तिकडे पाठवली तर तिकडचं संपेल." डावाच्या शेवटी उरलेल्या ज्वारीच्या पायल्या तिच्या माझ्यापेक्षा जास्त निघाल्या.

यानंतरचा भाग म्हणजे ते दुसरं काम. लिहिण्यासारखं त्यात फार काही नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पॉजचा मेनू पिको-८ आयता देतं, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण डाव संपल्यावर पाखरं जागच्या जागी थांबवायची की उडून जाऊ द्यायची? काढणी झाल्याचं कसं दाखवायचं? हरलेल्याला किती वेळ हरलेला ठेवायचा? मी आधी हरल्यावर पाच सेकंद काळा पडदा ठेवला होता. दहाव्या वेळी हरताना कळतं पाच सेकंद म्हणजे किती. तो एका सेकंदावर आणला. अवघडपणाचंही तसंच. स्वतःचाच गेम शेकडो वेळा खेळून माझे हात तयार झाले होते, मला तो पोरखेळ वाटायचा, आणि ऑफिसातला एक सहकारी अर्ध्या मिनिटात सगळं रान गमावून बसला. तो खेळत होता तेव्हा मी तोंडावर हात ठेवून गप्प बसले होते, कारण मी शेजारी बसून सांगणार असेन तर तो गेम नव्हेच. घरी येऊन पहिलं मिनिट थव्याशिवाय ठेवलं. नुसती पाच-सहा चुकार पाखरं, हाताला सवय व्हावी म्हणून.

फटक्याचा आवाज करायला तीन रात्री गेल्या. पिको-८ मधल्या आठ स्वरांपैकी एक निव्वळ खरखर आहे. तिचा अगदी छोटा तुकडा, सुरुवात मोठी आणि लगेच शून्य, त्याच्याआधी दोरी फिरल्याची हलकी चढती सूं. मामाला फोनवर ऐकवला. "टॉवेलचा वाटतोय," म्हणाला. तेवढं पुरे.

नाव ठेवलं 'राखण'. या यंत्राच्या लिपीत देवनागरी नाही, तेव्हा अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांनी काढावी लागली. शिरोरेघ एक ठिपका जाड, खाली सात ठिपके उंची. 'रा' झाला, 'ण' झाला, 'ख' काही होईना. त्याचे दोन भाग खाली जोडायला जागा उरेना आणि मैत्रिणीनं 'रारवण' वाचलं. "रावणाचं काही आहे का?" म्हणून विचारलं. शेवटी एक ठिपका बाहेरून आणला, तळाशी तिरका, तेव्हा कुठे 'ख' हा 'ख' दिसायला लागला. एका ठिपक्यासाठी एवढा जीव टाकणं म्हणजे पुन्हा गवतच झालं की, असं मला वाटून गेलं. पण हे गवत शेवटच्या आठवड्यातलं होतं, पहिल्या नाही.

गेम वेबसाइटवर चढवला आणि घरच्यांना पाठवायला घेतला. पिको-८ चा गेम चित्राच्या रूपात जतन होतो. कॅसेटसारखं दिसणारं १६० बाय २०५ ठिपक्यांचं चित्र, म्हणजे ३२,८०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगात डोळ्याला न कळेल एवढा फेरफार करून एकेक बाइट दडवलेला, आणि त्यात सगळा गेम. रान, पाखरं, आवाज, सगळं त्या चित्राच्या आत. मी ते मोठ्या अभिमानानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तीन जणांनी अंगठे दिले, मावशीनं "छान फोटो" लिहिलं. गेम कुणाचाच उघडेना, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि रंगातले ते बारीक फेरफार त्यात पुसले जातात. राहतं ते नुसतं चित्र. मग डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

भाचीनं तो आपल्या लॅपटॉपवर पिको-८ मध्येच उघडला, आणि तिला तिथे एस्केप दाबलं की प्रोग्रॅम समोर येतो हे कुणी न सांगता सापडलं. आधी तिनं भोरड्या पिवळ्या केल्या. मग गोफणीच्या फटक्याला स्वतःचा आवाज बसवला. मग पाखरांच्या आकड्यावर नजर गेली. रविवारी सकाळी फोन आला.

"मावशी, तुझा गेम हँग होतो."

"किती पाखरं केलीस?"

"चारशे."

मी तिला चारशे गुणिले तीनशे नव्याण्णव करायला सांगितलं. पलीकडे पेन्सिलीची खरखर ऐकू आली, मग जरा शांतता.

"बरं," ती म्हणाली, "मग तीनशे करू?"